पडवीचं दार आणि इलेक्ट्रिक रंधा : कामाच्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४, रविवार. दापोली तालुका, घरी

मागच्या पडवीचं दार पुन्हा अडकलंय. बाबा खांदा लावून उघडतात आणि बंद करताना लाथ घालतात. आत्याला दोन्ही जमत नाही, त्यामुळे ती दार उघडंच ठेवते आणि मांजर दुधावर येतं. तक्रार मांजराची म्हणून आली, मूळ दारात निघालं.

दार आजोबांच्या वेळचं, फणसाचं. पाच उभ्या फळ्या, मागून दोन आडव्या पट्ट्या, वर हिरवा ऑइलपेंट. चौकटीच्या आतल्या कडेला कोळसा घासला, दार दाबून लावलं आणि परत ओढून उघडलं. दाराच्या कडेवर जिथे काळं उठलं तिथे घासतंय. कडीच्या बाजूला मधोमध, साधारण दोन हात लांबीचा पट्टा. वरचा कोपराही थोडा काळा झालाय, पण तो फुगल्यामुळे नाही. लाकूड पावसात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. दार वर किंवा खाली घासत असेल तर आधी बिजागरीकडे बघायचं. बघितलं तर वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू नुसते भोकात उभे होते. भोकात बांबूच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोकल्या, स्क्रू पुन्हा पिळले. कोपरा सुटला.

मधली मापं : दाराची रुंदी ७८३ मिमी, चौकटीचं अंतर ७८१. म्हणजे लाथ का लागते ते कळलं.

बाबा म्हणाले, "सुतारकाकांना सांग, दोन हात रंधा मारून देतील." मी नाही म्हटलं. माजघराच्या खिडकीला पाच-सहा वर्षांपूर्वी भर श्रावणात असाच रंधा मारून घेतला होता. जानेवारीत त्या फटीतून करंगळी जात होती आणि अजूनही दर हिवाळ्यात जाते. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं. आत्ताचं माप हे लाकडाचं नाही, पावसाचं आहे.

सुताराचा पेन्सिलीचा तुकडा आणून दाराच्या पाठीवर लिहिलं : ११ ऑगस्ट, ७८३.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. घरात वीस माणसं. दार उघडंच. मांजराला मोदक मिळाला.

१९ ऑक्टोबर, शनिवार. पुणे

बोहरी आळीत जाऊन इलेक्ट्रिक रंधा घेतला. ८२ मिमी पातं, ६२० वॅट, वजन अडीच किलोच्या आसपास, बिनभार १७,००० फेरे मिनिटाला. दुकानदाराने विचारलं, "मिस्टरांसाठी का?" मी म्हटलं, दारासाठी.

घरी आल्यावर प्लग न लावता उलटा करून पाहिला. यंत्र सोपं आहे. दोन तळ, मध्ये फिरता ड्रम, ड्रमवर समोरासमोर दोन पाती. मागचा तळ पक्का, पात्याच्या धारेशी समपातळीत. पुढचा तळ पुढच्या मुठीने वर-खाली होतो. पुढचा तळ जितका वर उचलला जाईल तितकं लाकूड खाल्लं जातं. त्या मुठीवर आकडे आहेत, पण मुठीवर हात ठेवूनच काम करायचं असल्यामुळे कामाच्या नादात ती फिरते. लक्षात ठेवायची गोष्ट.

ड्रमचा व्यास साधारण ४८ मिमी भरला. म्हणजे १७,००० फेऱ्यांना धार ताशी दीडशे किलोमीटरच्या वर पळते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शंभरला कॅमेरा पकडतो, आणि हे माझ्या करंगळीपासून चार इंचांवर.

३ नोव्हेंबर, रविवार. घरी, भाऊबीज

दार आपोआप लागायला लागलं. ७८० मिमी. बाबा म्हणाले, "झालं की! मशीन कशाला आणलंस?" अजून थांबायचं आहे.

सुतारकाका फराळाला आले होते, त्यांना मशीन दाखवलं. त्यांच्याकडे असलं आहे, पण ते जास्त करून हातरंधाच वापरतात. त्यांनी आधी माझ्याकडे नखशिखांत पाहिलं. "बाय, ओढणी काढ. बांगड्या काढ. वेणी आत." मग माझ्या मनगटावरच्या लाल दोऱ्याकडे बोट केलं. दोरा गणपतीतला होता. कापला. हातमोजे घालू का विचारलं, तर तेही नको म्हणाले. फिरत्या ड्रमला बोट एकटं लागलं तर कापलं जाईल, मोज्यासकट लागलं तर मोजा उरलेला हात आत ओढेल.

त्यांनी एक प्रयोग करून दाखवला. मशीन दोन्ही हातांनी हवेत धरून सुरू केलं, स्विच सोडला आणि मला आकडे मोजायला सांगितलं. आवाज एका क्षणात उतरला, ऐकणाऱ्याला वाटेल बंद झालं. पण ड्रम सातव्या आकड्याला थांबला. काका म्हणाले, "बोटं जातात ती या सातात जातात. चालू मशीनला कोण हात लावतो?"

१४ डिसेंबर, शनिवार

दार ७७७ मिमी. म्हणजे ऑगस्टपासून सहा मिलिमीटर आटलं. आता हिशेब होतो. पावसाळ्यात एकूण दोन मिमी तरी मोकळी जागा हवी, म्हणजे ७८१ च्या चौकटीत फुगल्यावर ७७९. आजच्या कोरड्या मापात ७७३. चार मिलिमीटर काढायचं. उन्हाळ्यात आठ मिमी मोकळीक दिसेल, पण चौकटीला आतून खाच आहे, दार तिच्यावर टेकतं, उजेड येणार नाही. ऑगस्टच्या घासाघाशीवर भरवसा ठेवून "अजून थोडं, अजून थोडं" करत गेले असते तर किती काढलं असतं देव जाणे.

रंगाचं काम आधी. हिरवा ऑइलपेंट किती जुना ते कुणालाच आठवत नाही. घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा आपल्याकडचा नियम २०१६ चा. त्याआधीच्या रंगावर रंधा किंवा पॉलिशपेपर कोरडा चालवायचा म्हणजे शिसं धूळ करून घरभर उडवायचं, आणि भावाचा मुलगा अजून रांगतो. त्यामुळे दार उतरवून मागच्या अंगणात प्लास्टिकवर आडवं टाकलं, कडेचा रंग पेंट रिमूव्हर लावून पत्र्याने ओला ओला खरवडला आणि चिखल बरणीत भरला. अर्धा दिवस यातच गेला. कंटाळवाणं काम आहे, कुणी व्हिडिओ काढत नाही याचा.

खाली पिवळंधमक लाकूड निघालं. फणस.

१५ डिसेंबर, रविवार. रंधा

सकाळी पडवीत जोडणी केली. दार कडीची बाजू वर करून उभं करायचं होतं. काकांच्या सांगण्यावरून जाड फळीला दाराच्या जाडीपेक्षा थोडी रुंद खाच पाडली, फळी जमिनीवर ठेवून दार त्यात उभं केलं आणि बाजूने पाचर ठोकली. दुसरं टोक ओटीच्या खांबाला काथ्याने बांधलं. हलवून पाहिलं, हलेना. दार हललं तर एक हात आपोआप दार धरायला जातो, आणि मशीन एका हातात राहतं. ते व्हायला नको.

कडेवरून चुंबक फिरवलं. जुन्या स्पीकरमधलं, दोरीला बांधलेलं. कुलपाच्या खाचेशेजारी खट्कन चिकटलं. डोकं तुटलेला खिळा होता, पकडीने काढला. लोखंड लाकडात वर्षानुवर्षं राहिलं की भोवती काळपट-निळा डाग पडतो. चुंबकाला खोलवरचा खिळा कळत नाही, आणि पितळ तर अजिबात कळत नाही. डाग मात्र बहुतेक वेळा चुगली करतो, निदान लोखंडाची.

वायर खांद्यावरून पाठीमागे सोडली. एक्स्टेन्शन पूर्ण उलगडलं, बोर्डातल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (करंट गळला तर वीज तोडणारं यंत्र) टेस्ट बटण दाबून पाहिलं. पडलं. चांगलं. चष्मा, कानावर मफ, एन-९५. (मशीनच्या पुस्तिकेतच लिहिलंय की कामाच्या वेळी आवाज ८५ डेसिबलच्या पुढे जाऊ शकतो. आणि लाकडाची धूळ आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने, १९९५ मध्ये पहिल्या गटात टाकली आहे, नक्की कर्करोग करणाऱ्यांच्या, तंबाखूच्या शेजारी. बाबांचा रुमाल नाकावर बांधून भागत नाही.)

आधी आंब्याच्या पेटीच्या फळीवर सराव केला. दोन्ही टोकं खोलगट झाली. कारण साधं आहे. सुरुवातीला मशीनचा फक्त पुढचा तळ लाकडावर असतो, तेव्हा भार पुढच्या हातावर हवा. शेवटाला फक्त मागचा तळ उरतो, तेव्हा भार मागच्या हातावर. मध्ये कुठेतरी हा भार हळूच पुढून मागे सरकवायचा. सातव्या-आठव्या फळीवर जमलं. पोळी लाटताना लाटण्यावरचा दाब बदलतो ना, जवळपास तसंच. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग एवढं शिकायला वर्ष कशाला लागतं?"

मग दार. खोली अर्धा मिलिमीटर. मशीन लाकडावर नेण्याआधी हवेत सुरू करून पूर्ण वेगात येऊ दिलं, मग पुढचा तळ टेकवला. दाराची उंची १,७५० मिमी. पहिला हात मी सहा-सात सेकंदांत मारला आणि कडेवर बारीक लाटा उठल्या. बोटाने जाणवतात, डोळ्याला तिरक्या उजेडात दिसतात. हिशेब केला. दोन पाती, १७,००० फेरे, म्हणजे मिनिटाला ३४,००० काप. सहा सेकंदांत दार संपवलं तर दोन कापांत अर्धा मिलिमीटर अंतर. सतरा-अठरा सेकंद घेतले तर पाव मिलिमीटरहून कमी. दुसरा हात सावकाश मारला, लाटा गेल्या. ओढायचं नाही, रेटायचंही नाही.

तिसऱ्या हाताला एके ठिकाणी लाकडाचा रेशा उपटून निघाला. फणसाचा रेशा एका दिशेने चालत नाही, मध्येच वळतो. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवल्यासारखं होतं. तिथे खोली पाव मिमीवर आणली आणि तेवढा भाग उलट बाजूने मारला. जे उपटलं ते उपटलंच. त्याचा खड्डा शेवटच्या हाताने जाईल अशी आशा होती. निम्मा गेला.

आता लिहायची ती गोष्ट. पाचव्या हाताला भुसा बाहेर येणं थांबलं. फणसाचे लांबट छिलके नळीत अडकले होते. मी स्विच सोडला, मशीन उचललं आणि उजव्या हाताची तर्जनी नळीत घालायला निघाले. कान बंद होते, त्यामुळे ड्रम थांबलाय की नाही ऐकू येत नव्हतं. मफखाली सगळीच शांतता असते. बोट नळीच्या तोंडाशी गेल्यावर काकांचं "सात" आठवलं म्हणून थांबले असं लिहायला आवडलं असतं. तसं नाही झालं. वाऱ्याची झुळूक लागली बोटाला. ड्रम फिरत होता, आणि पंख्यासारखा वारा टाकत होता.

दचकून मी मशीन खाली ठेवलं. त्याला मागे टेकू असतो, मशीन ठेवलं की खाली पडतो आणि मागचा भाग उचलून धरतो, म्हणजे पाती जमिनीला लागत नाहीत. पण टेकूच्या स्प्रिंगमध्ये बारीक भुसा आणि फणसाचा चीक असावा, तो पडलाच नाही. मशीन तळावर सपाट बसलं, पाती कोब्याला लागली आणि ते स्वतःहून पळालं. हातभर गेलं असेल. कोब्यात वीतभर लांब ओरखडा, आणि तो संपतो तिथून बाबांची चप्पल अर्ध्या फुटावर. चपलेत बाबा होते.

बाबांनी काही म्हटलं नाही. चहा मागितला. मीही प्लग काढून चहा घेतला.

नंतर :

टेकू रॉकेलने धुतला, स्प्रिंग मोकळी केली. तरीही त्याच्यावर विसंबायचं नाही म्हणून लाकडाची बैठक केली. जाड फळीवर दोन आडव्या पट्ट्या, मध्ये चार बोटांची फट. पुढचा तळ एका पट्टीवर, मागचा दुसऱ्यावर, ड्रम फटीवर लटकता. मशीन हातातून सुटलं की याच बैठकीत, दुसरीकडे कुठेच नाही.

नळी साफ करायला शेवग्याची वाळकी काडी. प्लग काढून, आणि तो खिशात नव्हे, मांडीवर, म्हणजे डोळ्यासमोर.

स्विच सोडल्यावर सात मोजायचे, मोठ्याने. मफ घातलेला असला तरी आपला आवाज आपल्या डोक्यात ऐकू येतो. आत्या हसते. हसू दे.

दुपारी उरलेलं काम केलं. ७७३ आलं. दोन्ही पाती थोडी खरचटली होती, कोब्यामुळे. त्याच्या दोन बारीक उभ्या रेघा दाराच्या कडेवर उठल्या. हातरंध्याने काढल्या. कडीच्या बाजूची कड आतल्या अंगाला किंचित उतरती केली, दार मिटताना आतला कोपरा चौकटीला आधी लागतो म्हणून.

दाराच्या डोक्याला आणि तळाला मशीन लावलं नाही. तिथे फळ्यांची टोकं आहेत, रेशा उभा. मशीन पलीकडच्या कडेला पोचलं की शेवटची फळी फुटते. लावायचंच असतं तर दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत मारावं लागलं असतं, किंवा पलीकडे एक टाकाऊ तुकडा घट्ट बांधून. बिजागरी सुधारल्यावर गरजच नव्हती.

संध्याकाळी कडेला बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल. उघडं लाकूड असंच ठेवलं तर पुढच्या जूनमध्ये रंगवलेल्या भागापेक्षा जास्त पाणी पिईल. काकांनी काजूच्या टरफलाचं तेल सुचवलं होतं. कीड लागत नाही हे खरं, पण ते कातडी भाजतं, आणि या दाराला सगळ्यांचे हात लागतात. बेलतेलाच्या चिंध्या अंगणात वेगवेगळ्या पसरून वाळवल्या. गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर आपोआप तापून पेटू शकतात.

२५ डिसेंबर, बुधवार

पाती बदलली. कार्बाइडची आहेत, दोन्ही बाजूंना धार, उलटून लावता येतात. एकच खराब झालं तरी दोन्ही उलटवायची. ड्रमवरचा तोल बिघडला की मशीन थरथरतं आणि लाकडावर एकच पातं काम करतं. प्लग काढला, ड्रमला लाकडाची पाचर लावून अडवलं, बोल्ट सैल केले, पाती उलटवून बोल्ट आवळले. मग मागच्या तळावर स्टीलची पट्टी ठेवून ड्रम हळू फिरवला, बोटाने नाही, लाकडाच्या काडीने. धार पट्टीला नुसती स्पर्शून जायला हवी. उजवीकडे पट्टी उचलली जात होती. पुन्हा सैल, पुन्हा आवळ. चार वेळा. दार रंधायला लागला त्याहून जास्त वेळ.

२६ जानेवारी २०२५, रविवार

कौलं बदलली तेव्हाचे ऐनाचे वासे गोठ्यात पडून होते. त्यातल्या दोन वाशांचं बाकडं करायचं ठरवलं. ऐन म्हणजे फणसाचा थोरला भाऊ. जड, आणि रेशा आणखी हट्टी. चुंबक, डाग, सगळं पाहिलं. आठ खिळे निघाले.

नववा चौथ्या हाताला निघाला. ठिणग्या. लगेच स्विच सोडला, सात मोजले, बैठकीत ठेवलं, प्लग काढला. पिशवी अंगणात उलटी करून भुसा पसरला आणि अर्धा तास लक्ष ठेवलं. ठिणगी भुशात धुमसत राहिली तर जाळ रात्री दिसतो. नंतर धार पाहिली, एक खळगा पडलाय. बोटाने पाहिली नाही, कागद घासून पाहिली.

बाकड्याच्या पायांच्या तुकड्यांना हा रंधा लावला नाही. मशीनचा तळच फूटभर लांब आहे. तुकडा त्याहून लहान असला तर मशीन त्यावर डुलतं, आणि तुकडा हाताने धरायचा मोह होतो. तिथे काकांचा हातरंधा. काकांनी तो मला विकायला नकार दिला, पण "घेऊन जा, पावसाआधी आणून दे" म्हणाले.

१३ जुलै २०२५, रविवार

या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. २६ मेला मुंबईत होता, आमच्याकडे त्याच्याही आधी. म्हणजे दाराला भिजायला एक पंधरवडा जास्त मिळाला. आज माप घेतलं : ७७८. ठरवलं होतं त्यापेक्षा एक मिलिमीटर कमी फुगलं. तेल लावल्यामुळे असेल, किंवा डिसेंबरात माझी टेप थोडी तिरकी असेल.

दार एका बोटाने लागतं. आत्याची नवी तक्रार अशी की वाऱ्याने ते स्वतःच उघडतं आणि मांजर येतं. कडी कोयंड्यात पूर्ण बसत नाही, बिजागरी सुधारल्यावर दार दोन मिलिमीटर वर गेलंय. कोयंडा वर घ्यायला हवा. त्याला पटाशी पुरे. काकांचा हातरंधा अजून माझ्याकडेच आहे, तो आज द्यायला जाते.